तीन वर्षं, साडेएकसष्ट हजार डॉलर: अमेरिकेच्या शिक्षण विभागाला खुलं पत्र

डिसेंबर २०२५

प्रति,
मा. शिक्षणमंत्री आणि कर्जनियम तयार करणारे अधिकारी,
अमेरिकेचा शिक्षण विभाग, वॉशिंग्टन

महोदया, महोदय,

नोव्हेंबरमध्ये आपल्या विभागाच्या नियम-समितीने एका मसुद्यावर एकमत केलं. १ जुलै २०२६ पासून पदवीनंतरच्या कोणत्या विद्यार्थ्याला किती सरकारी कर्ज मिळणार, हे त्या मसुद्यातल्या एका यादीवरून ठरणार आहे. यादीत वैद्यक आहे, दंतवैद्यक आहे, औषधनिर्माण, पशुवैद्यक, ऑप्टोमेट्री, कायरोप्रॅक्टिक, कायदा, धर्मशास्त्र आहे. चिकित्सा-मानसशास्त्राची नव्याने भर पडली आहे. नर्सिंग नाही. नर्सिंगमधली डॉक्टरेटसुद्धा नाही.

यादीतल्या अभ्यासक्रमाला वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंत कर्ज मिळेल. यादीबाहेरच्याला वर्षाला २०,५०० आणि एकूण १,००,०००. या मर्यादा अमेरिकेच्या संसदेने (काँग्रेसने) २०२५ मध्ये केलेल्या कायद्यातल्या आहेत. त्याच कायद्याने शिक्षणाच्या पूर्ण खर्चाइतकं कर्ज देणारी ग्रॅड प्लस योजना नव्या कर्जदारांसाठी बंद होते आहे.

मी हृदयशस्त्रक्रियेच्या आयसीयूत परिचारिका आहे. नर्स ॲनेस्थेटिस्ट, म्हणजे भूल देणारी परिचारिका होण्यासाठी मला ऑगस्ट २०२६ च्या तुकडीत प्रवेश मिळाला आहे. आपली तारीख उलटल्यावर साधारण महिन्याभराने मी वर्गात बसणार. हेच म्हणणं इंग्रजीतून आपल्याकडे रीतसर पाठवते आहे. इथे मराठीत लिहिते ते महाराष्ट्रातून येऊन इथल्या आयसीयूंमध्ये रात्रपाळ्या करणाऱ्या मुलींसाठी. त्या फोन करून विचारतात, "ताई, ॲनेस्थेशियाला जायचंय, कसं करायचं?" आजवर मी त्यांना सगळं टप्प्याटप्प्याने सांगत आले. या मसुद्यानंतर पैशांच्या टप्प्याशी येऊन माझं बोलणं अडतं.

हा रस्ता कसा आहे ते आधी सांगते, कारण मसुदा वाचताना तो लिहिणाऱ्यांनी या रस्त्याकडे पाहिलं असेल असं वाटत नाही.

चार वर्षांची नर्सिंगची पदवी, मग परवाना परीक्षा. आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांना त्याआधी गुणपत्रिकांचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं, ते वेगळंच. मग आयसीयू. भूल-परिचर्येच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या परिषदेची अट किमान एका वर्षाच्या पूर्णवेळ अनुभवाची आहे, पण एका वर्षावर प्रवेश मिळालेली मंडळी विरळा. आयसीयू कोणतं तेही पाहतात. एकाच वेळी व्हेंटिलेटर, रक्तदाब धरून ठेवणाऱ्या दोन-तीन ड्रिप आणि धमनीतली लाइन सांभाळलेली असेल तर अर्जाला वजन येतं. तातडीच्या विभागातला अनुभव कितीतरी ठिकाणी धरतच नाहीत. त्यावर सीसीआरएन हे अतिदक्षता परिचर्येचं प्रमाणपत्र हवं. त्या परीक्षेला बसायलाच दोन वर्षांत १,७५० तास, किंवा पाच वर्षांत २,००० तास, गंभीर रुग्णांची थेट शुश्रूषा केलेली असावी लागते.

विज्ञानाचे विषय हा आणखी एक टप्पा. रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, शरीररचना आणि शरीरक्रिया. बऱ्याच संस्थांना हे विषय गेल्या पाच किंवा दहा वर्षांत केलेले लागतात. विशीत उत्तम गुण मिळवलेली बाई तिशीत पुन्हा कम्युनिटी कॉलेजच्या बाकावर बसते आणि सेंद्रिय रसायनाची यंत्रणा पाठ करते. मीही केली. (तिचा भूल देण्याशी किती संबंध आहे हे मला अजून कळलेलं नाही, पण ते जाऊ दे.) मग एखाद्या नर्स ॲनेस्थेटिस्टच्या मागे शस्त्रक्रियागृहात उभं राहून काम पाहायचं, शिफारसपत्रं गोळा करायची आणि प्रत्यक्ष प्रवेशाच्या वर्षभर आधी अर्ज करायचा. मुलाखतीत विचारतात, नॉरएपिनेफ्रिन कोणत्या रिसेप्टरवर काम करतं? नळी घातल्यावर रुग्णाचा रक्तदाब अचानक कोसळला तर पहिला संशय कशाचा?

एवढं झाल्यावर खरा अभ्यासक्रम सुरू होतो. तो किमान ३६ महिन्यांचा, पूर्णवेळ आणि उन्हाळ्याची सुट्टी न घेता चालणारा असतो. किमान २,००० तास प्रत्यक्ष काम आणि किमान ६०० रुग्णांना दिलेली भूल, तीही बाळंतिणीपासून तान्ह्या बाळापर्यंत आणि हृदयापासून मेंदूपर्यंत ठरवून दिलेल्या प्रकारांत. १ जानेवारी २०२२ पासून या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टरेटच करावी लागते. हा निर्णय आमच्याच क्षेत्राच्या परिषदेचा. त्याने शिक्षण लांबलं आणि महागलं, आणि त्या वाढीव काळातले शोधप्रकल्प प्रत्येक वेळी तितक्या मोलाचे असतात असं मला वाटत नाही. ते माझं आमच्या परिषदेशी वेगळं भांडण आहे. इथे मुद्दा इतकाच की आज परवाना हवा असेल तर डॉक्टरेटला पर्याय नाही. शेवटी राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा. ती उत्तीर्ण झालात तरच सीआरएनए (प्रमाणित नर्स ॲनेस्थेटिस्ट) ही अक्षरं नावापुढे लागतात.

आयसीयूत पाऊल ठेवल्या दिवसापासून ते परीक्षेपर्यंतचं असं गणित माणूस सहा-सात वर्षं आधी मांडतो. लग्न, मूल, घर, गावाकडून आईवडिलांना बोलावणं, सगळं त्याच्याभोवती बसवतो. पैशांचा भागही त्यात असतो. आयसीयूच्या वर्षांत जमेल तेवढं साठवायचं आणि उरलेलं सरकारी कर्जातून काढायचं. ग्रॅड प्लस २००६ पासून चालू आहे. जवळजवळ वीस वर्षं प्रत्येक तुकडीने तिच्या भरवशावर बेत केले.

आता माझ्या तक्रारी.

पहिली सरळ आकडेमोडीची आहे. १,००,००० डॉलरची मर्यादा कागदावर दिसते, पण आमच्यापैकी कुणी तिथपर्यंत पोहोचूच शकत नाही. वर्षाला २०,५०० म्हणजे तीन वर्षांत ६१,५००. अभ्यासक्रम तीन वर्षांत संपतो, त्यामुळे उरलेले ३८,५०० फक्त नियमात राहतात. यादीतल्या विद्यार्थ्याला त्याच तीन वर्षांत १,५०,००० मिळतात. अनेक संस्थांची नुसती फी एक लाखाच्या वर आहे. तिच्यात घरभाडं, आरोग्यविमा आणि दूरच्या रुग्णालयांत प्रशिक्षणाला जाण्यासाठी लागणारी गाडी मिळवा. कधीकधी महिना-दोन महिने दुसऱ्या गावात दुसरं भाडंही भरावं लागतं. नोकरी करून भागवा म्हणाल, तर बहुतेक संस्था शिकताना नोकरी करू नका असं बजावतात, आणि ते बरोबरच आहे. पहाटे पाचला शस्त्रक्रियागृहात येऊन औषधं भरणाऱ्या विद्यार्थिनीने आदल्या रात्री बारा तास पाळी केलेली असावी, असं कोणत्याही रुग्णाला वाटणार नाही.

दुसरी तक्रार आपल्या स्वतःच्या निकषांविषयी. मसुद्यात व्यावसायिक पदवीची लक्षणं दिली आहेत. ती साधारणपणे डॉक्टरेटच्या पातळीची असावी. उच्च शिक्षणाची किमान सहा वर्षं लागावीत आणि त्यातली निदान दोन पदवीनंतरची असावीत. काम सुरू करण्यासाठी परवाना लागावा. आमची पदवी डॉक्टरेट आहे. चार अधिक तीन अशी सात वर्षं लागतात, त्यातली तीन पदवीनंतरची. परवाना आणि राष्ट्रीय प्रमाणनाशिवाय भूल देता येत नाही. तिन्ही कसोट्यांना आम्ही उतरतो. मग अडतं कुठे? अभ्यासक्रमांच्या वर्गीकरणाच्या क्रमांकात. नर्स ॲनेस्थेटिस्टचा क्रमांक ५१.३८०४. यादीतल्या विषयांच्या चार आकडी गटांत ५१.३८ हा गट नाही, म्हणून आम्ही बाहेर. आकडेवारी गोळा करण्याच्या सोयीसाठी पाडलेल्या कप्प्यांवरून रात्री दोनला आलेल्या सिझेरियनला भूल द्यायला शिकणाऱ्या बाईचं कर्ज ठरतं आहे. यादीत धर्मशास्त्रही आहे. धर्मशास्त्र शिकणाऱ्यांना कर्ज मिळावं, माझी काही हरकत नाही. पण त्या कामाला सरकारी परवाना लागत नाही, हे लिहिणाऱ्यांच्या ध्यानात आलं असेलच.

२०२५ च्या कायद्याने व्याख्येसाठी ज्या जुन्या नियमाकडे बोट दाखवलं, त्यातली यादी उदाहरणादाखल होती. यात यांचा समावेश आहे, पण एवढ्यापुरतं मर्यादित नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. दार उघडं ठेवणारा तो मजकूर समोर असताना आपण यादीला कुलूप घातलंत आणि चिकित्सा-मानसशास्त्र या एकाच विषयासाठी किल्ली काढलीत.

तिसरी तक्रार ९५ टक्क्यांची. नर्सिंग यादीत नाही यावरून गदारोळ झाल्यावर आपल्या विभागाने खुलासा केला की नर्सिंगच्या ९५ टक्के विद्यार्थ्यांचं कर्ज या वार्षिक मर्यादेच्या आतच असतं, त्यामुळे त्यांच्यावर परिणाम नाही. हा आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण नर्सिंगमध्ये पदवीनंतर शिकणारे बरेच जण नोकरी सांभाळून, ऑनलाइन, अर्धवेळ शिकतात. त्यांना कमी कर्ज लागणारच. तीन वर्षं पगार सोडून शिकावं लागणारे आम्ही उरलेल्या पाच टक्क्यांत आहोत. सरासरीत आम्हाला बुडवून "परिणाम नाही" म्हणणं हे उत्तर नव्हे. नर्स ॲनेस्थेशियाच्या विद्यार्थ्यांचा आकडा वेगळा काढला तर काय दिसेल, ते आपल्या विभागातल्या लोकांना ठाऊक असणार. तो प्रसिद्ध केलेला मला कुठे दिसला नाही.

"व्यावसायिक" हा निव्वळ कर्जापुरता अंतर्गत शब्द आहे, त्यात कुणाचा अपमान नाही, असंही त्या खुलाशात आहे. मान्य. माझ्या काही सहकारिणी या शब्दाने दुखावल्या, मी नाही. माझं रडगाणं मानापमानाचं नसून हप्त्यांचं आहे.

चौथी तक्रार या सगळ्यामागच्या तर्काविषयी, आणि माझ्या दृष्टीने मुख्य हीच. कर्जाला मर्यादा घातली की संस्थांना फी कमी करावी लागेल, असं आपलं म्हणणं आहे. फी अवाच्या सवा वाढल्या आहेत, याबद्दल आपलं-माझं एकमत आहे. भरेल तेवढं कर्ज मिळतंय म्हणून काही संस्थांनी फी फुगवल्या असतील, हेही मी मान्य करते. पण फी उतरायला जागा रिकाम्या राहाव्या लागतात. आमच्या अभ्यासक्रमांत जागा मोजक्या आणि अर्ज कितीतरी पट. शस्त्रक्रियागृहात विद्यार्थ्याशेजारी अनुभवी माणूस उभा असावाच लागतो, त्यामुळे जागा वाटेल तशा वाढवताही येत नाहीत. उद्या मी प्रवेश सोडला तर संध्याकाळपर्यंत माझी जागा भरेल. ज्याच्या वडिलांनी घर गहाण ठेवलं किंवा ज्याच्या जोडीदाराचा पगार दोघांना पुरतो, तो ती घेईल. संस्थेचा एक डॉलर बुडणार नाही. मग तिने फी का उतरवावी? जागा तेवढ्याच राहतील, फी तेवढीच राहील, बदलतील ती बसणारी माणसं. आयसीयूत माझ्याइतक्याच, किंबहुना माझ्याहून तल्लख असलेल्या मुली या रस्त्याचा विचारच सोडून देतील. त्या कोणत्याच आकडेवारीत येणार नाहीत, कारण त्यांनी अर्जच केलेला नसेल.

खाजगी कर्ज घ्या, असं बँकवाले सांगतात, नातेवाईकही सांगतात. नर्स ॲनेस्थेटिस्टचा मधला पगार वर्षाला दोन लाख डॉलरच्या वर आहे, कर्ज फिटेल, हे खरंच. पण बँक आजचा पगार आणि आजचा जामीनदार पाहते. ग्रीनकार्डावर आलेल्या माझ्यासारखीचा या देशातला पतइतिहास थोडा, आणि जामीन राहील असा रक्ताचा माणूस इथे कुणी नाही. खाजगी कर्जात मिळकतीप्रमाणे हप्ता बदलत नाही. सेवाभावी रुग्णालयात दहा वर्षं हप्ते भरल्यावर उरलेलं कर्ज माफ करण्याची सरकारी सवलतही त्याला लागू होत नाही. म्हणजे खाजगी कर्ज घेतलेली मुलगी शिकून बाहेर पडल्यावर जिथे पगार जास्त तिथेच जाणार. लहान गावातलं रुग्णालय तिला परवडणार नाही.

लहान गावांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. ग्रामीण भागातल्या अनेक रुग्णालयांत भूल देणारं माणूस म्हणून फक्त नर्स ॲनेस्थेटिस्ट असते, भूलतज्ज्ञ डॉक्टर नसतो. सरकारला हे नवं नाही. मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्यात डॉक्टरांच्या देखरेखीची अट राज्यांना बाजूला ठेवता यावी, असा नियम केंद्रानेच २००१ मध्ये केला. आयोवाने सर्वांत आधी तो स्वीकारला, आणि आज वीसहून अधिक राज्यांनी या ना त्या स्वरूपात स्वीकारला आहे. एक खातं आम्हाला खेड्यात एकटीने भूल द्यायला मोकळीक देतं आणि दुसरं तिथवर पोहोचण्याच्या शिक्षणाला हात आखडता घेतं.

हे काम परिचारिकांकडे काल-परवा आलेलंही नाही. मिनेसोटातल्या रॉचेस्टरला मेयो बंधूंच्या शस्त्रक्रियांना ॲलिस मॅगॉ ही परिचारिका भूल देत असे. चौदा हजारांहून अधिक रुग्णांना भूल दिली आणि भुलीमुळे एकही मृत्यू झाला नाही, असा वृत्तान्त तिने १९०६ मध्ये छापला. परिचारिकेने भूल देणं म्हणजे बेकायदा डॉक्टरकी, असा दावा कॅलिफोर्नियात न्यायालयात गेला, तेव्हा १९३६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. आमची राष्ट्रीय संघटना १९३१ ची आहे.

शेवटची तक्रार तारखेची. १ जुलै २०२६ आधी जे अभ्यासक्रमात आहेत आणि ज्यांनी त्यासाठी सरकारी कर्ज उचललं आहे, त्यांना जुन्या नियमाने तीन वर्षांपर्यंत किंवा शिक्षण संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर, कर्ज मिळत राहील. चांगलं केलंत. पण माझ्याच संस्थेत माझ्याआधीच्या तुकडीला पूर्ण खर्चाइतकं कर्ज आणि मला वर्षाला २०,५००. फी तीच, रुग्णालयं तीच, परीक्षा तीच. ज्यांनी सहा वर्षांपूर्वी आयसीयूत पाऊल ठेवताना हा बेत आखला, त्यांना संक्रमणाच्या तरतुदीत कुठेच जागा नाही. प्रवेशपत्र हातात असणं आणि वर्गात बसलेलं असणं यात आपण जो फरक केला आहे, तो आमच्यासारख्या लांब तयारी लागणाऱ्या अभ्यासक्रमात फार महाग पडतो.

माझ्या मागण्या अशा:

१. अंतिम नियमात ५१.३८०४ या क्रमांकाच्या, परवान्याकडे नेणाऱ्या डॉक्टरेट अभ्यासक्रमांचा व्यावसायिक पदवीत नाव घेऊन समावेश करावा. नर्सिंगमधल्या इतर डॉक्टरेटचाही विचार व्हावा असं मला वाटतं, पण आमच्या बाबतीत आपलेच तीन निकष पूर्ण होतात, तेव्हा हा समावेश तरी लांबणीवर टाकू नये.

२. नर्स ॲनेस्थेशियाच्या विद्यार्थ्यांनी प्रत्यक्षात वर्षाला किती सरकारी कर्ज घेतलं, त्याची आकडेवारी नर्सिंगच्या एकूण आकड्यापासून वेगळी करून अंतिम नियमाआधी प्रसिद्ध करावी.

३. १ जुलै २०२६ पूर्वी ज्यांना प्रवेशपत्र मिळालं आहे, त्यांना संक्रमणाच्या तरतुदीत घ्यावं. हे विभागाच्या अधिकारात बसत नसेल, तर संसदेकडे (काँग्रेसकडे) तशी लेखी शिफारस करावी.

४. फी उतरवणं हाच हेतू असेल, तर त्यासाठी संस्थांकडून जाब घ्यावा. प्रत्येक अभ्यासक्रमाने फी, वाहतूक आणि दुसऱ्या गावातल्या निवासासह पूर्ण ३६ महिन्यांचा खर्च अर्ज भरण्याआधी जाहीर करणं सक्तीचं व्हावं. आज हा आकडा प्रवेश मिळाल्यावर, तुकड्या-तुकड्यांनी कळतो.

जागा राखण्यासाठी जी अनामत रक्कम भरावी लागते ती परत मिळत नाही. माझी मुदत फेब्रुवारीअखेर आहे. तोपर्यंत विभागाने निदान दुसऱ्या मागणीतली आकडेवारी जरी खुली केली, तरी मी आणि माझ्यासारख्या अनेक जणी काही अंदाज बांधून निर्णय घेऊ शकू. उत्तराची वाट पाहते आहे.

आपली,
आयसीयूतली एक परिचारिका